क्रॉसफीड लावल्यावर आवाज दबल्यासारखा का वाटतो, आणि ते किती ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी स्टिरिओ रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकली की अर्ध्या तासात डोकं जड होतं, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही क्रॉसफीड (एका चॅनलचा थोडा आवाज दुसऱ्या कानातही मिसळणारी सोय) चालू केलंत. त्रास कमी झाला, पण आवाज दबल्यासारखा आणि अरुंद वाटायला लागला, बेसही उगाच वाढल्यासारखा वाटतो. मग 'बरोबर' सेटिंग कोणतं? क्रॉसफीड लावूनही आवाज स्पीकरसारखा समोरून का येत नाही? आणि ओपन-बॅक, म्हणजे मागून उघडे असलेले हेडफोन घेतले तर याची गरजच उरणार नाही का?

मी मिक्सिंगचं काम करतो आणि दिवसातले बरेच तास हेडफोन कानावर असतात, त्यामुळे या गोष्टीशी माझा रोजचा संबंध आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक थकव्याची, दुसरी आवाज डोक्यातच राहण्याची. पहिलीवर क्रॉसफीड हा चांगला इलाज आहे. दुसरीवर तो जवळजवळ नाहीच. हे आधीच नीट वेगळं केलं नाही, तर माणूस दुसरी तक्रार मिटवायला क्रॉसफीड वाढवत जातो आणि हाती फक्त दबलेला आवाज येतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं दिसतंय.

आधी स्पीकरवर काय घडतं ते पाहू. दोन स्पीकर समोर, मध्यापासून साधारण ३० अंशांवर ठेवले आहेत. डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानाला जात नाही, तो उजव्या कानालाही ऐकू येतो, पाव मिलिसेकंदाच्या आसपास उशिराने. हा उशीर आपल्याला उशीर म्हणून जाणवत नाही, पण मेंदू त्याच्यावरूनच दिशा ठरवतो. दुसरी गोष्ट म्हणजे डोक्याची सावली. १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते. एवढ्या मोठ्या लाटेला आपलं वीतभर रुंदीचं डोकं म्हणजे काहीच अडथळा नाही, ती सहज वळसा घालून पलीकडे पोचते. त्यामुळे खालच्या स्वरांत दोन्ही कानांमधला पातळीचा फरक एखाद-दोन डेसिबलच असतो. ५००० हर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ७ सेंटिमीटर होते, आणि तिथे डोकं चांगलंच आड येतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी १९०७ मध्येच हे मांडलं होतं: खालच्या स्वरांची दिशा आपण मुख्यतः वेळेच्या फरकावरून ओळखतो आणि वरच्या स्वरांची पातळीच्या फरकावरून.

आता हेडफोनवर या. डाव्या चॅनलमधला आवाज उजव्या कानात जातच नाही. वरच्या स्वरांसाठी हे थोडंफार चालून जातं, कारण तिथे निसर्गातही मोठा फरक असतो. खालच्या स्वरांसाठी मात्र ही परिस्थिती मेंदूला जवळपास अनोळखी असते. खोल आवाज एका कानात जोरात आणि दुसऱ्यात शून्य, असं प्रत्यक्षात कधी होतं? आवाज अगदी कानाला चिकटून असला तरच. कुणी कानाशी तोंड आणून घुमऱ्या आवाजात कुजबुजलं तर जसं अंग चोरावंसं वाटतं, तसला संदेश मेंदूला सतत मिळत राहतो.

हे ऐकून पटवायचं असेल तर पाच मिनिटांचा प्रयोग करा. कुठल्याही ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झचा स्वर बनवा आणि तो फक्त डाव्या चॅनलला ठेवा. आवाज हळू ठेवून वीस-तीस सेकंद ऐका. मग तसाच ५००० हर्ट्झचा ऐका. दुसरा स्वर कर्कश असेल, पण 'चुकीचा' वाटत नाही. पहिला मात्र मला कानात बोटं खुपसल्यासारखा वाटतो, उजवा कान बंद झालाय की काय असं होऊन मी हात तिकडे नेतो. आता तोच १०० हर्ट्झचा स्वर उजव्या चॅनलमध्येही ठेवा, डाव्यापेक्षा ६ डेसिबल कमी. तो दाब लगेच उतरतो. क्रॉसफीडचं सगळं काम एवढंच आहे: प्रत्येक चॅनलचा खालचा भाग थोडा कमी करून, किंचित उशिराने, दुसऱ्या चॅनलमध्ये मिसळायचा.

म्हणून सगळ्या रेकॉर्डिंगना याची सारखी गरज नसते. साठच्या दशकातलं बरंच स्टिरिओ दोन-तीन ट्रॅकवर रेकॉर्ड झालेलं आहे. बीटल्सच्या १९६३ सालच्या दोन्ही अल्बमच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्यं बहुतांशी डावीकडे आणि गाणं उजवीकडे आहे. त्या काळच्या जॅझमध्येही अख्खा डबल बेस किंवा सगळे ड्रम एकाच बाजूला ढकललेले सापडतात. खोलीतल्या स्पीकरवर ते खपून जातं, कारण हवा आणि भिंती आपणहून मिसळण्याचं काम करतात. हेडफोनवर तीच रेकॉर्डिंग डोकं दुखवतात. आजच्या मिक्समध्ये किक ड्रम, बेस आणि मुख्य गायन बहुधा मध्यभागीच असतं. तिथे क्रॉसफीड चालू-बंद केल्याने फारसा फरक पडला नाही, तर तुमच्या कानात काही खोट नाही. मिसळायला तिथे फार काही नसतंच.

ही कल्पना जुनी आहे. ध्वनी अभियंते बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये यावर निबंध लिहिला, आणि सिगफ्रीड लिंक्विट्झ यांनी १९७१ मध्ये हेडफोनसाठी एक साधं सर्किट प्रसिद्ध केलं. पुढे हेडफोन अँपची रचना करणारे चू मॉय आणि यान मायर यांनी आपापल्या आवृत्त्या केल्या. आज संगणकावर बऱ्याचदा आढळणारं 'बीएसटूबी' हे सॉफ्टवेअर बाउअर यांच्याच कल्पनेवर उभं आहे. फूबार२००० या संगीत प्लेअरसाठी त्याचं प्लगइन (जोडून घ्यायचा भाग) मिळतं, एफएफएमपेग या ध्वनी-चित्रफीत रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फिल्टर म्हणून आहे, लिनक्सवर ईझी इफेक्ट्स या ध्वनिसुधारणेच्या सॉफ्टवेअरमध्येही सापडतं. त्यात तयार असलेले तीन पर्याय असे: मूळ सेटिंग ७०० हर्ट्झ आणि ४.५ डेसिबल, चू मॉय ७०० हर्ट्झ आणि ६ डेसिबल, यान मायर ६५० हर्ट्झ आणि ९.५ डेसिबल. यातला हर्ट्झचा आकडा म्हणजे साधारण ज्याच्या खालचे स्वर पलीकडे मिसळायचे ती सीमा.

डेसिबलच्या आकड्यात बहुतेकांचा घोळ होतो. आकडा मोठा म्हणजे परिणाम जास्त असं वाटतं, पण आहे नेमकं उलट. हा आकडा सांगतो की पलीकडे मिसळलेला आवाज मूळ आवाजापेक्षा किती डेसिबल खाली आहे. म्हणजे या तिघांत ४.५ हा सर्वात कडक डोस आणि ९.५ सर्वात सौम्य. तुम्ही लिहिलंय की 'सर्वात कमी आकड्यावर ठेवूनही' आवाज दबलेला वाटतो. तुम्ही नकळत सर्वात जास्त क्रॉसफीड लावून ऐकत होतात.

आता दबलेपणाकडे. त्याची कारणं तीन आहेत आणि तिन्ही मोजता येतात.

पहिलं कारण आवाजाच्या पोताचं, म्हणजे खालच्या आणि वरच्या स्वरांच्या समतोलाचं. मध्यभागी असलेला आवाज दोन्ही चॅनलमध्ये सारखाच असतो. तो पलीकडे मिसळला की स्वतःमध्येच मिळतो आणि वाढतो, पण फक्त ७०० हर्ट्झच्या खाली. ६ डेसिबल कमी म्हणजे निम्मी पातळी, म्हणजे एकाचे दीड झाले, म्हणजे साधारण साडेतीन डेसिबलची वाढ. तुम्ही स्वतः साधं क्रॉसफीड बांधलंत तर मध्यातला बेस एवढा फुगतो. बीएसटूबी याची निम्मी भरपाई आतच करतं, म्हणून तिथे मध्यातला बेस ट्रेबलच्या मानाने एक ते दोन डेसिबल वर राहतो. शिवाय एकूण पातळी कापली जाऊ नये म्हणून ते बेस आहे तिथे ठेवून ट्रेबल खाली आणतं. गाण्यातले शब्द ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात तो पट्टा त्यामुळे दीडेक डेसिबल उतरतो. कानाला हे 'पडदा टाकल्यासारखं' वाटतं.

दुसरं कारण साधं आहे: चालू-बंद करून पाहताना पातळी सारखी नसते. दोन आवाजांत जो किंचित मोठा, तो आपल्याला जास्त स्वच्छ आणि मोकळा वाटतो, मग त्याच्यात बाकी काही गुण असो वा नसो. क्रॉसफीड चालू केल्यावर व्हॉल्यूम जरा वाढवा, मुख्य गायकाचा आवाज दोन्ही वेळी सारखा वाटेपर्यंत, आणि मगच तुलना करा. माझ्याकडे क्रॉसफीड आवडलं नाही म्हणून आलेल्यांपैकी निम्म्यांचं मत एवढ्यानेच बदलतं.

तिसरं कारण अरुंदपणाचं, आणि इथे जरा थांबायला हवं. स्टिरिओकडे डावा-उजवा असं न बघता 'मध्य' आणि 'बाजू' असं बघा. मध्य म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये जे समान आहे ते, बाजू म्हणजे त्यांच्यातला फरक. क्रॉसफीड मध्य वाढवतं आणि बाजू कमी करतं. ६ डेसिबलच्या सेटिंगवर खालच्या स्वरांत बाजूचा भाग मध्याच्या तुलनेत सुमारे साडेनऊ डेसिबलने खाली जातो. ४.५ वर हा फरक १२ डेसिबलच्या घरात जातो, ९.५ वर फक्त ६ च्या आसपास राहतो. एका बाजूला ढकललेल्या डबल बेससाठी हे वरदान आहे. पण मोठ्या सभागृहात, दूर-दूर ठेवलेल्या माइकांनी रेकॉर्ड केलेल्या वाद्यवृंदात त्या 'बाजू'मध्येच तर सभागृह असतं. चेलोंच्या मागची ती उबदार, पसरलेली घुम दोन्ही चॅनलमध्ये वेगवेगळी पोचलेली असते. क्रॉसफीडने तिच्यावरच कात्री चालते. अशा रेकॉर्डिंगवर मला स्वतःला क्रॉसफीड आवडत नाही, आणि लावायचंच झालं तर ९.५ पेक्षा लहान आकड्यावर मी जात नाही.

कुणी विचारेल, प्रत्यक्षात खालच्या स्वरांत फरक एक-दोन डेसिबलचाच असेल, तर ६ वरच का थांबायचं, २ का नको? कारण हेच. २ डेसिबलवर गेलात की खालचा अर्धा भाग जवळजवळ मोनो होतो. खोलीत स्पीकर लावल्यावरही असंच मिसळतं, पण तिथे भिंतींवरून परतणारा आवाज पसारा परत आणतो. हेडफोनवर तो नसतो. म्हणून बरीच जुनी सर्किटंसुद्धा मध्येच थांबतात.

आता सेटिंग कसं बसवायचं. यात काही गोष्टी तुमच्या हेडफोनवर, रेकॉर्डिंगवर आणि तुमच्या कानांवर अवलंबून आहेत, म्हणून मी एकच आकडा सांगून मोकळा होणार नाही. पण मी नवीन माणसाला बसवतो ती रीत अशी. ७०० हर्ट्झ आणि ६ डेसिबल ठेवायचं. मध्यातला पोत सरळ करायला इक्वलायझरमध्ये साधारण ७०० हर्ट्झच्या खाली दीड डेसिबल कमी करणारा लो-शेल्फ लावायचा (घरगुती क्रॉसफीड असेल तर तीन ते साडेतीन). गायकाच्या आवाजावर पातळी जुळवायची. मग पटपट चालू-बंद करत बसायचं नाही. तुलना उलट्या दिशेने करायची: अख्खा अल्बम क्रॉसफीड चालू ठेवून ऐकायचा आणि शेवटच्या गाण्यात ते अचानक बंद करायचं. बंद केल्यावर आवाज 'खुलला' वाटला तर क्रॉसफीड जास्त आहे किंवा त्या रेकॉर्डिंगला त्याची गरज नाही, आकडा ९.५ कडे न्यायचा. बंद केल्यावर डोकं दोन्हीकडून ओढल्यासारखं झालं, तर सेटिंग बसलं म्हणायचं. कान दहा-पंधरा मिनिटांत नव्या मांडणीला सरावतात, आणि तो सराव झाल्याशिवाय दिलेल्या मतावर मी तरी भरवसा ठेवत नाही.

स्वतः बांधणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण इथे मी बरेच जण चुकताना पाहिले आहेत. पाव मिलिसेकंदाचा उशीर हवा म्हणून लोक लो-पास फिल्टर (फक्त खालचे स्वर पुढे सोडणारा) लावतात आणि वर वेगळा डिले, म्हणजे उशीर करणारा भागही जोडतात. पण फिल्टर स्वतःच आवाज उशिरा सोडतो. ७०० हर्ट्झचा साधा, पहिल्या श्रेणीचा लो-पास खालच्या स्वरांना ०.२३ मिलिसेकंद उशीर देतो, म्हणजे जवळपास हवा तेवढाच. दुसऱ्या श्रेणीचा, नेहमीचा बटरवर्थ प्रकारचा फिल्टर ०.३२ देतो. त्यावर आणखी ०.३ टाकलंत तर उशीर दुप्पट होतो, आणि शिवाय मध्यातल्या आवाजात काही स्वर एकमेकांना खाऊन गाणं पोकळ वाटायला लागतं. जुन्या साध्या सर्किटांत मोजकेच रेझिस्टर आणि कपॅसिटर पुरायचे ते यामुळेच. शिवाय बेरीज करण्याआधी पातळी ४ डेसिबल खाली घ्या, नाहीतर मध्यातला बेस आवाज फाडेल.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: त्रास होतो तो खालच्या स्वरांच्या अनैसर्गिक फाळणीमुळे, लहान आकडा म्हणजे जास्त मिसळ, दबलेपणा पोत आणि पातळी सुधारून जातो, अरुंदपणा मात्र पूर्ण जात नाही, त्याच्याशी रेकॉर्डिंगप्रमाणे तडजोड करावी लागते.

क्रॉसफीड बंदच ठेवावं अशा जागाही आहेत. बायनॉरल रेकॉर्डिंग, म्हणजे कृत्रिम डोक्याच्या कानांत माइक ठेवून केलेली. त्यांत वेळेचा आणि पातळीचा फरक आधीच बरोबर असतो, क्रॉसफीड त्याचा चुथडा करतं. खेळांमधला हेडफोनसाठीचा त्रिमितीय आवाज आणि चित्रपटांचा स्पेशियल ऑडिओही तसाच. आणि एकावर एक दोन क्रॉसफीड तर मुळीच नकोत. काही डॅक (डिजिटल आवाजाचं विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) आणि हेडफोन अँपमध्ये ते बटण वेगळं असतं, प्लेअरमध्ये प्लगइन वेगळं. माझ्याकडे एक जण तुमच्यासारखीच तक्रार घेऊन आले होते, तेव्हा दोन्ही चालू निघाले. एकदा तपासून घ्या.

माझ्या स्वतःच्या कामातलं सांगतो. मिक्स करताना पॅनिंग, म्हणजे कोणतं वाद्य डावी-उजवीकडे कुठे ठेवायचं ते ठरवायला मी क्रॉसफीड चालू ठेवतो. त्याशिवाय गिटार टोकाला नेली की ती कानावर आदळते, हात आपोआप तिला आत ओढतो, आणि तो मिक्स स्पीकरवर लावला की सगळं मध्यात गोळा झालेलं दिसतं. बेसची पातळी आणि रिव्हर्ब (आवाजामागची घुम) ठरवताना मात्र मी ते बंद करतो. हे मला एका कामातून समजलं. एक अख्खा अल्बम मी कडक क्रॉसफीडवर मिक्स केला. गायकाच्या मागचा रिव्हर्ब मला सारखा कमी वाटत राहिला, म्हणून मी तो वाढवत गेलो. क्रॉसफीड रिव्हर्बचा 'बाजू'चा भाग खात होतं आणि मी ती तूट भरत होतो. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांनी साध्या इअरफोनवर ऐकलं आणि विचारलं, आवाज विहिरीतून का येतोय? सगळे रिव्हर्ब परत बसवावे लागले. ते ऐकताना मला जे वाईट वाटलं ते मी विसरलेलो नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे क्रॉसफीड नसतं, आणि मिक्स त्यांच्यासाठी करायचा असतो.

राहिला 'समोरून का येत नाही' हा प्रश्न. आवाज डोक्याबाहेर वाटायला वेळ आणि पातळीच्या फरकाखेरीज तीन गोष्टी लागतात: कानाच्या बाहेरच्या भागाच्या घड्यांमुळे वरच्या स्वरांत पडणारे बारीक बदल, खोलीतून परतणारा आवाज, आणि डोकं वळवल्यावर आवाजाचं तिथेच राहणं. क्रॉसफीडमध्ये यातलं एकही नाही. त्याने टोकाचे आवाज कानापासून सुटतात आणि कपाळाच्या आसपास एक सलग पट्टा तयार होतो, एवढीच अपेक्षा ठेवा. खरंच समोर स्पीकर असल्यासारखं हवं असेल तर वाट वेगळी आहे: तुमच्या स्वतःच्या कानांत माइक ठेवून घेतलेली मोजमापं आणि डोक्याची हालचाल टिपणारी यंत्रणा. दुसऱ्याच्या कानांची मोजमापं वापरणारी तयार प्लगइन काहींना अचूक बसतात आणि काहींना आवाज मानेमागून येतो, ते लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि ओपन-बॅक हेडफोन. ते बऱ्याच गोष्टींसाठी चांगले, पण या तक्रारीवर उपाय नाहीत. त्यांतून बाहेर पडणारा आवाज खोलीतल्या माणसाला ऐकू येतो खरा, पण तो मुख्यतः वरच्या स्वरांचा असतो. खालच्या स्वरांत हेडफोनमधल्या थरथरणाऱ्या पडद्याची पुढची आणि मागची लाट बाहेर एकमेकींना खाऊन टाकतात, त्यामुळे तुमच्या पलीकडच्या कानाला जो बेस पोचायला हवा तो पोचतच नाही. तुमच्याकडचे हेडफोन राहू द्या, आकडा ६ वर न्या, शेल्फ लावा, आणि ज्या अल्बमने डोकं जड होतं त्यानेच सुरुवात करा.